बडी

रात्री दोन ते चारच्या ड्यूटीवर
इंद्या चौगुलेनं मला त्याचं घड्याळ दिलं.
म्हणाला, राहू दे तुझ्याकडं, पट्टा सैल होतोय.
त्याच आठवड्यात त्यानं उधारी फेडली होती,
कँटीनची, माझी, न्हाव्याचीसुद्धा.
पलटण म्हणाली, बघा, पोरगं सुधारलं.

मी शाळेत गणितात नापास,
पण ही बेरीज मला आली.

जो शब्द आमच्यात घरात काढत नाहीत,
दिवेलागणीला तर नाहीच,
तो काढला. मरायचं मनात हाय काय रं?
वाटत होतं, विचारलं तर आपणच वाट दाखवल्यासारखं होईल.
तसं नसतंय.
विचारलं, आणि तो खाली बसला, बर्फावर.
मीही बसलो.
एक बांध, एक थोरला भाऊ,
बायकोनं न उचललेला फोन,
आणि अकरा वर्षांचं "ठीक है साब".

उजाडायच्या आत सुभेदारसाहेबांना उठवलं.
इंद्या म्हणाला, चुगली केलीस.
केली.
त्याची रायफल कोतात गेली, तो एम.एच.ला.
सात आठवडे माझ्याशी बोलला नाही.
डॉक्टरीणबाईंशी बोलत होता,
मला तेवढं पुरं होतं.

आता सुट्टीत, कागलच्या अलीकडं,
त्यांच्या गुऱ्हाळावर बसलोय.
गाव विचारतंय, काय झालंतं पोराला?
आई सांगते, मलेरिया.
इंद्या काहिलीकडं बघतोय.
रस फसफसत काठाला आला,
तर गुळव्या ओरडला नाही, जाळ विझवला नाही.
वाटीतलं चार थेंब तेल सोडलं,
फेस बसला,
आणि झारा धरून तो तिथंच उभा राहिला.
पुन्हा येणार, हे त्याला ठाऊक.

"अजून येतंय," इंद्या म्हणाला. "कधीमधी. रात्रीचं."
"मग?"
"बाईंचा नंबर हाय. न्हाईतर तुला लावतो."
"मी उचलला नाही तर?"
"आईला उठवीन." मळी काढणाऱ्या झाऱ्याकडं बघत राहिला.
"मलेरिया न्हवता, तिला ठावं हाय."

मी खिशातनं घड्याळ काढलं.
चालू होतं. सेल मीच बदललेला, दोनदा.
मनगटावर बांधून बघितलं त्यानं,
अजून सैलच.
म्हणाला, उद्या स्टँडवर जाऊ,
पायताणवाल्याकडनं
एक भोक वाढवून घेऊ.