एक्केचाळीस सेंटिमीटर

माझं काम 'नाही' म्हणायचं.
इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या जमिनीला कुंपण? नाही.
राहत्या सहा मजल्यांवर सातवा, पत्र्याचा,
फक्त टाकीपुरता? नाही.
प्रोफेसरबाईंना बाल्कनीला निळी काच हवी आहे,
मावळतीचं ऊन सोसत नाही म्हणतात.
ऊन खरं आहे. काच नाही.

ब्राझिलिया आधी कागदावर उमटलं, मग जमिनीवर.
त्या कागदाला सुरकुती पडू नये
याचा मला पगार मिळतो.

वडील पाराइबाहून ट्रकच्या हौद्यात बसून आले.
दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात
तिथे त्यांनी म्हणे दोरीचं एक टोक धरलं होतं.
दुसरं कुणी धरलं, शेवटपर्यंत आठवलं नाही.
'सरळ धर, सरळ धर, एवढंच ओरडत होता तो.'
मीही तेच करते.

ऑगस्ट. शंभर दिवस टिपूस नाही.
सकाळी उशीवर नाकातल्या रक्ताचा डाग.
मंत्रालयांसमोरची हिरवळ पापडासारखी मोडते,
आणि तिच्यातून लाल मातीची एक रेघ
बसथांब्यापासून तिरकी निघून
शेवटून तिसऱ्या इमारतीच्या मागच्या दाराशी जाते.
फाइलीत तिचं नाव 'हिरवळीची हानी, क्रमांक नऊ'.
दर पावसाळ्यात अदेमार माळी तिच्यावर बी टाकतो,
पाऊस सरला की तीच परत उगवते,
जणू बी तिचंच होतं.

वरून हुकूम आला, साखळी लावा.
साखळीला माप लागतं.
पहाटे साडेपाचला टेप घेऊन गेले.
रुंदी एक्केचाळीस सेंटिमीटर.
म्हणजे एक माणूस.
इथे शेजारी शेजारी चालता येत नाही,
बोलायचं तर पुढच्याच्या पाठीशी.

मी वाकलेली, आणि टेपेपाशी दोन पावलं थांबली.
रबरी सपाता, टाचांना भेगा.
झेनिवाल्दा. सेइलान्दियाहून, दोन बस बदलून.
'बाई, काही हरवलं का?'
'माप घेतेय.'
'रुंद करणार?'

मग मी सांगितलं, जरा जास्तच सांगितलं.
साखळी, नजरेची सरळ रेषा,
मोकळेपणा हाच इथला वारसा,
तो आपण नाही जपला तर कोण जपणार.
तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
'सातव्या मजल्यावरून फार छान दिसतं हो.
काच पुसली की सगळं.
ही वाटसुद्धा.
रोज बघते मी, कुठून आले ते.'

आणि गेली. सहाला हजेरी असते.

म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो,
हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवते.
आज एक पायवाट, उद्या तिच्या कडेला टपरी,
परवा टपरीला पत्रा, पत्र्यावर एखाद्या आमदाराची पाटी.
खोटं नाही ते. डोळ्यांनी पाहिलंय.
आणि तिच्या टाचाही पाहिल्या.

ऑफिसात नकाशा उघडला.
शाई नको म्हणून पेन्सिल घेतली,
पट्टी लावली. पट्टी जमेना.
मध्ये एक वारूळ आहे, तिथे वाट वळसा घेते.
वारूळही नकाशात नाही.
पट्टी बाजूला ठेवून हातानंच काढली,
थोडी थरथरली. राहू दिली.

साखळीच्या रकान्यात लिहिलं:
'माप अपुरं. पुन्हा पाहणी, पावसाळ्यानंतर.'
एवढीच हिंमत.
बुटांची लाल माती टेबलाखाली झटकली,
मग शिपायाला दिसू नये म्हणून
पायानंच सारून भिंतीकडे लोटली.

दुपारी प्रोफेसरबाईंना पत्र टाइप केलं.
आपला अर्ज मिळाला. निळी काच नाही.
जाड पडदा लावावा,
आतून.