कूलर बंद करा

मे महिना, संध्याकाळचे सात, धंतोलीतलं सभागृह.
बाहेर पंचेचाळीस, आत चार पत्र्याचे कूलर
आणि वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास.
मी बुवांच्या मागे, डावीकडे, तंबोरा घेऊन.
काम एवढंच : चार तारा, एक चाल, चेहरा शांत.
दोन तास मांडी मोडायची नाही.
पायाला मुंग्या येतात, त्याबद्दल
कुठल्याच घराण्यात काही सांगितलेलं नाही.

खरं सांगते, मैफलीत मी नेहमी गाणंच ऐकते असं नाही.
माणसं बघते.
तिसऱ्या रांगेतले खानझोडे काका
समेच्या अर्धी मात्रा आधी 'वा' म्हणतात
आणि मग सम त्यांच्या मागून येते,
उशीर झाल्यासारखी, ओशाळून.
चिवड्याची पुडी हळू उघडणाऱ्या बाई :
हळू उघडलेली पुडी जास्त वेळ वाजते
हे त्यांना कोणी सांगावं.
इंदूताई, माझ्या गुरू, डोळे मिटून.
झोपल्यात की ऐकतायत
हे सहा वर्षांत मला कळलेलं नाही.

मी तरी कुठली मोठी रसिक.
मागच्या डिसेंबरात एका नामांकित गायकाच्या द्रुत तानांत
मला तर्री-पोहे आठवत होते,
आणि बाहेर येऊन
मी सगळ्यांसारखंच म्हटलं, 'अद्भुत.'

त्या दिवशी मारवा होता.
पंचम नाही, म्हणून पहिली तार निषादावर.
षड्ज आहे, पण त्यावर थांबायचं नाही,
चुकवायचा, टाळायचा,
जितका टाळावा तितका तो मोठा होत जातो.
बुवांनी कोमल रिषभ लावला
आणि मला दोन रिषभ ऐकू आले.
एक त्यांचा.
दुसरा उजवीकडच्या कूलरचा,
केसभर चढा, हट्टी, श्वासच न घेणारा.

बुवा मान न वळवता म्हणाले, "कूलर बंद करा."

लोक कुरकुरले. पंचेचाळीस डिग्री आहे बाप्पा.
मग मागच्या दारातून एक माणूस वाकून आला,
भिंतीभिंतीनं,
खटक्, खटक्, चार वेळा.
पाती फिरत राहिली थोडी, मग थांबली.
तो माझा बाप. कूलर त्याचेच, भाड्यानं दिलेले.

मग जे झालं त्याला मी शांतता म्हणणार नाही.
पदरांची, रुमालांची, कार्यक्रमपत्रिकांची हवा
सभागृहभर फडफडत होती.
पण माझ्या खर्जाच्या तारेतून
एक गंधार वर येत होता, मी न छेडलेला.
'तो आहे, ऐक,' इंदूताई सहा वर्षं सांगत होत्या,
आणि मी 'हो, ऐकू येतोय' म्हणत होते, खोटं.
त्या दिवशी तो होता.
खानझोडे काका 'वा' म्हणायला विसरले.

रात्री मोपेडवर, बर्डीवरून, तोंडावर गरम वारा.
विचारलं, "बाबा, वाईट वाटलं काय?"
"कायचं वाईट? उजव्या कूलरची बेअरिंग गेली आहे.
दुपारपासून ऐकून राहिलो मी.
आवाज चढला होता त्याचा, थोडासा."
किती, असं विचारायचं होतं.
विचारलं नाही. तेव्हाच त्यानं हँडलवरचा एक हात सोडून
अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं.
मधून जेमतेम केस गेला असता.

सिग्नलला थांबल्यावर मात्र तो वळला,
"एक सांग वं,
तो माणूस सारखा घराच्या दारापर्यंत येऊन
परत काऊन जाऊन राहिला होता?"

मला उत्तर येत होतं : वादी, संवादी, न्यास,
परीक्षेत पाच मार्कांना लिहिलंय मी.
सिग्नल सुटला.

उद्या पहाटे, ऊन चढायच्या आत,
त्याला बेअरिंग बदलायची होती, ठोकून ठोकून,
आणि मला खर्ज भरायचा होता.
खोली एकच.
आधी कोण, ते ठरलं नव्हतं.