डाव्या मडगार्डाचा पोचा

टाट्रा एकशे अकराचे नकाशे
मी कारखान्याकडे मागितले नाहीत.
मापं अंगातच होती:
पायरीची उंची डाव्या गुडघ्यात,
स्टिअरिंगचा घेर दोन खांद्यांमध्ये,
गिअरच्या दांड्याचा गोळा अजून या तळहातात.
चौदाने भागायचं, एवढंच काम.

ओटीली म्हणाली, गुडघ्याला चौदाने भागून
ट्रक होत असेल तर खुशाल कर,
पण जेवणाच्या टेबलावर नको.

म्हणून सशांच्या रिकाम्या खुराड्यामागे दोन हिवाळे,
बेस्किडचा वारा फटींतून येऊन बोटं मोजायचा.
चासीला पितळी पट्ट्या, डाख लावून जोडलेल्या.
केबिनला ऑस्ट्राव्याच्या छापखान्यातले टाकाऊ पत्रे;
छताखाली मान घालून पाहिलंत तर आतून अजून वाचता येतो
बटाट्याचा भाव,
आणि कुणा बाईंच्या अंत्यविधीची वेळ.
ग्रामोफोनच्या बोथट सुईने एकेक रिवेट उठवला,
सहाशे बारा.
मधे एकदा शिंक आली. तो पत्रा फेकला.
टायर ओतले दहा, अकरावा स्टेपनी.
इंजिनाचे बारा सिलिंडर, वाऱ्यावर थंड होणारे,
म्हणून प्रत्येकाला कागदाएवढ्या पातळ चकत्या,
आणि या सगळ्या थाटाखाली दडवलेली
बॅटरीवरच्या स्क्रूड्रायव्हरची मोटर.
खोटं म्हणाल तर तेवढंच.

दातेरी चाकं आल्बीनने कापली. लेथ त्याच्याकडे आहे,
आणि माझ्याहून बरे डोळे.

राहिला होता पोचा.

डाव्या मडगार्डावर, दिव्याच्या मागे दोन बोटं.
खरा पडला तेव्हा क्षणही लागला नव्हता:
पहाटेचे चार, खाणीचा वजनकाटा, दगडी खांब.
माझा पडायला महिना लागला.
पहिला फार गोल झाला, चमचा आपटल्यासारखा.
दुसऱ्याला कड नव्हती.
तिसरा अगदी हुबेहूब, फक्त उजव्या मडगार्डावर.
चौथ्या वेळी वाळूची पिशवी घेतली, दाराची जुनी बिजागरी घेतली,
डोळे मिटले,
आणि खांबाचा आवाज आठवेपर्यंत हात उचलला नाही.

आता सांगायला हरकत नाही,
त्या पहाटे स्टिअरिंगवर मी नव्हतो.
एक पोरगा होता, बिनलायसनचा,
"फक्त काट्यापर्यंत" म्हणाला
आणि मी बाजूला सरकलो.
मॅनेजरच्या वहीत नाव माझं चढलं.
तीन महिने पगार कापला गेला,
ओटीलीचं शिलाई मशीन वर्षभर उशिरा आलं.
तिला अजून वाटतं, मला डुलकी लागली होती.

रविवारी आल्बीन आला.
ट्रक उचलून खिडकीच्या उजेडात धरला,
चाकं फिरवली, दार उघडलं, मिटलं.
मग अंगठा मडगार्डावरून जाता जाता थांबला.
बराच वेळ तिथेच.
"रंग ओला आहे का अजून?"
"नाही," मी म्हणालो. "वाळून पुष्कळ दिवस झाले."

बाहेर बीटाच्या शेतात बर्फ उतरून चिखल झाला होता.
ट्रक डासासारखा गुणगुणत निघाला
आणि तिसऱ्या सरीत रुतला,
मागची चाकं जागच्या जागी चिखल उडवत.
एका हाताने उचलता आला असता,
पाच किलो तर वजन.
खरा रुतला होता तेव्हा दोन ट्रॅक्टर लागले होते आणि एक रात्र.

रिमोट मी आल्बीनच्या हातात दिला.
गुडघा टेकला, तोच, पायरीचा,
स्प्रूसच्या काड्या मोडल्या
आणि चाकांखाली घातल्या
तेव्हा घालायचो तशा, आडव्या, दोन्हीकडून.
"चल. हळू सोड."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आल्बीन,
कवळी घरी विसरलेला,
अंगठा पुढे सरकवता सरकवता
घशातून बारा सिलिंडरांचा आवाज काढू लागला.