कच्च्या मातीचा रंग

डोळे पिवळे झालेले मला आधी दिसले नाहीत,
गिऱ्हाइकाला दिसले.
कुंड्या न्यायला आलेला माणूस म्हणाला,
रुक्माण्णा, डोळ्यांत हळद पडली काय?

मग नंदगडहून माळ आणली.
काड्यांची, सैल गाठींची.
दोन दिवसांत ती बेंबीला टेकली
आणि शेजार म्हणाला, उतरली बघा कावीळ.
माळ उतरली होती.
आण्णा रात्रभर खापरीनं तळपाय घासत होते.
अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत,
नुसती खाज, आतून कोणी दार वाजवल्यासारखी.

उसाचा रस झाला. बिनफोडणीचं वरण झालं.
पंधराव्या दिवशी हुडहुडी भरून ताप,
आणि चाक तसंच ठेवून आम्ही
खानापुरातून पहिल्या गाडीनं बेळगावला.

डॉक्टरीणबाई तरुण, गदगकडची.
मराठी एकेक शब्द चाचपून बोलायची.
लघवी?
काळ्या चहासारखी.
संडास? याव बण्ण? रंग कसला?
आण्णा लाजले.
मी भिंतीवरच्या हात धुण्याच्या चित्राकडं बघितलं.
मग चाळीस वर्षं मातीत कोपरापर्यंत बुडालेला माणूस
हळूच म्हणाला,
भट्टीत घालायच्या आधीचं मडकं असतं बघा,
वाळलेलं, पांढरट.
तसला.

तिचं पेन थांबलं.

पोटावर गार जेल. काळ्या पडद्यावर राखेचे ढग.
लिव्हर चांगला आहे, ती म्हणाली, नळी बंद आहे.
इकडे एवढी पाहिजे, एवढी झाली. खडा.
आण्णांनी मान हलवली.
धुराडं तुंबलं की धूर उलटा घरात येतो,
त्यात न कळण्यासारखं काय आहे?

संमतीचा कागद कन्नडात.
मी शाळेतल्या कन्नडावर अडखळत वाचला,
'जीव' हा शब्द लगेच कळला,
सही त्याच्या खालीच करायची होती.

कापाकापी नाही. तोंडातून दुर्बीण.
खडा फुटला, थोडा राहिला,
वाट उघडी राहावी म्हणून आत एक प्लास्टिकची नळी.
तीन महिन्यांनी काढायची, विसरायचं नाही,
हे तिनं तीनदा सांगितलं,
दोनदा कन्नडात, एकदा मराठीत.
राहिलं तर तीच तुंबते.
पित्ताची पिशवी मग बघू.

आता डोळे पांढरे. खाज गेली.
गल्लीतले विचारतात,
बरा झालाय की गडी, परत कशाला खर्च?
मी काही बोलत नाही.
भट्टीच्या भिंतीवर कोळशानं तारीख लिहून ठेवलीय,
पुसली की परत लिहिते.

सकाळी आण्णा परसाकडून येतात, हात धुतात,
आणि अख्ख्या कुंभारगल्लीला ऐकू जाईल असं मला सांगतात,
आज नीट भाजलंय गं.

तारखेला अजून एकेचाळीस दिवस.