मोकळ्या गाडीचं वजन

धरणगावला जिनिंग बंद झालं की
चैत्रापासून थेट दसऱ्यापर्यंत
वजनकाट्याच्या केबिनीत मी एकटा.
शेठ म्हणतो, बसून राहा, पगार चालू.
एवढी सवड देवालाही मिळत नसेल.

पहिल्याच सोमवारी दोनशे पानी वही आणली.
वर नाव घातलं, खाली लिहिलं : कादंबरी.
अधोरेखित केलं. दोनदा.
शाई कागदावर फुटते का, पाहिलं.
फुटत होती.
मग चहा.

पंखा कुरकुरत होता, त्याला तेल दिलं.
टेबल लंगडत होतं, पायाखाली जुनं पावतीबुक सारलं.
खिडकीच्या गजाला माघापासून अडकलेला
कापसाचा एक तंतू, त्याच्याकडे बघत दुपार गेली.
ह्याचं वर्णन जमलं पाहिजे, असं वाटलं.
जमलंही असतं.

बाहेर चव्वेचाळीसचं ऊन, पत्रा तडतडतो.
म्हटलं, ऊन उतरलं की बसू.
ऊन उतरलं आणि सुपडूदादा वॉचमन
शेव-मुरमुऱ्यांचा कागद घेऊन आला.
‘कितलं लिखं रे भो?’
सुरुवात मनात पक्की आहे, म्हणालो.
‘मनमा ते मना बी दोन एकर केयीना बाग शे,’
म्हणाला, आणि कांदा फोडला.

नायिकेचं नाव मी तीनदा बदललं.
आधी कुमुदिनी, मग रेवा, मग पुन्हा कुमुदिनी.
पहिल्या पानावर दाराशी उभी आहे बिचारी,
तिला अजून बससुद्धा म्हटलं नाही मी.

कोकिळा घरी काही विचारत नाही.
डबा देताना फक्त
वहीला तेल लागू नये म्हणून
वेगळी पिशवी देते.
ते मात्र लागतं.

कानबाईचे रोट झाले, पोळा झाला,
गणपती आले तसे गेले.
वहीच्या कडा पिवळ्या पडल्या,
आतलं पान कोरंच्या कोरं,
कोणी म्हणेल काल आणलीय.

दसऱ्याला मुहूर्ताची गाडी आली.
भरली : बारा हजार चारशे साठ.
खाली होऊन परत काट्यावर : सहा हजार नव्वद.
चोपड्याकडचा ड्रायव्हर, मिसरूड न फुटलेला,
म्हणाला, मोकळीचं कशाला लिहिता, काका?
म्हटलं, मोकळीचं लिहिल्याबिगर
मालाचं कळत नाही, बाबा.
म्हणालो,
आणि पेन तसाच हातात राहिला.

मागं सतरा गाड्यांची रांग, हॉर्न, शिव्या,
नाकातोंडात कापूस, आणि ह्याच वेळेला
ती ओळ आली.
हाताशी होती त्या पावतीच्या पाठीवर
उभ्या उभ्या लिहिली :
कुमुदिनी दाराशीच खाली बसली, आणि हसली.

पुढची गाडी घेतली, त्याच्या पुढची घेतली.
रात्री आठला आठवण झाली.
पावती पोराच्या खिशात, पोरगं चोपड्याच्या वाटेवर.
बुक चाळलं.
कार्बनवर नुसती वजनं.