चार बोटं रुंद

टांडापेठेत गल्ली विचारत विचारत आला तो,
धाकट्याच्या कॉलेजातला, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाचा,
घानातल्या कुमासी शहराचा.
मागे सात पोरं, एक कुत्रं,
आणि "बाप्पा, कितीक उंच!" म्हणणारी चंद्रकलाबाई.

आजोबांनी नाव विचारलं. क्वाकू.
"म्हंजे काय गा?"
बुधवारी जन्मला की क्वाकू, आमच्याकडे असंच.
तंबाखू मळता मळता आजोबा थांबले.
"मी बुधाजी," म्हणाले.
"भाऊ मंगळू होता. गेला."
मग त्याला खाट दिली, स्वतः उंबऱ्यावर बसले,
एकाच वारी जन्मलेल्यांत मोठं कोण, हे न ठरवता.

तुझ्या शहरात पाहण्यासारखं काय, मी विचारलं.
(सीताबर्डीचा किल्ला, फुटाळा, दीक्षाभूमी
मी आधीच मनात लावून ठेवलं होतं, परतफेडीला.)
तो म्हणाला, एक सोन्याचं आसन आहे,
त्यावर राजासुद्धा बसत नाही.
एक बाजार आहे, त्यात एकदा आई हरवली होती.
मी नव्हे, आई.
मग बॅगेतून त्यानं काढली एक पट्टी:
हळदी, हिरवी, मधेच तांबडी,
जेमतेम चार बोटं रुंद.
अशा वीस-बावीस शेजारी शेजारी शिवल्या
की एक कापड. डावा खांदा झाकायचा, उजवा उघडा.

आजोबांनी चष्मा शोधला नाही.
नखानं धागे मोजले.
"कोणापाशी शिकले हे?"
आठ पायांच्या कोळ्यापाशी, असं सांगतात.
"मंग आपलाच," ते म्हणाले,
आणि आढ्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं:
जुनी माणसं त्यालाही कोष्टीच म्हणत.

क्वाकूनं फरशीवर बसून दाखवलं,
ताणा कसा अंगणभर लांब असतो,
टोकाला फळी, फळीवर दगड;
कापड वाढतं तसतसा
दगड विणकराकडे सरकत येतो.
आमचा झिरो माइलचा दगड
चार घोडे असून जागचा हलत नाही.
त्यावर कुमासी कोरलेलं नाही,
दुसऱ्या दिवशी मी पाहून आले.

एका नक्षीचं नाव त्यानं सांगितलं:
माझी अक्कल इथं संपली.
विणणाऱ्यानं होतं नव्हतं ते सगळं तिच्यात घातलं म्हणून.
आजोबा हसले, मग हसू तोंडातच राहिलं.
खड्ड्यातल्या मागावर आता कांद्याचं पोतं,
माझी जुनी सायकल.
"आपली नाही संपली गा," ते म्हणाले,
"गिऱ्हाईक संपलं."

तर्री-पोहे आले. क्वाकूनं तर्री पुन्हा मागितली,
ही बातमी चंद्रकलाबाईनं चौकापर्यंत नेली.
निघताना ती पट्टी तो विसरला,
किंवा विसरला नाही.

रात्री आजोबांनी पेटी उघडली,
करवतकाठी लुगड्याचा उरलेला काठ काढला,
पट्टीशेजारी ठेवून रुंदी मिळवून पाहिली.
काठ सूतभर जास्त भरला.
"सुई कुठी हाय?" त्यांनी विचारलं,
आणि ती सापडेपर्यंत
मला दिवा मालवू दिला नाही.