रकाना सात

फॉर्मेलिनमधून काढलेला मेंदू
ओल्या पुठ्ठ्याच्या रंगाचा असतो.
सगळ्यांचाच.
रकाना सात, वंश : तो मी कागदावर बघून भरते,
काचपट्टीवर बघून भरता येत नाही.

व्हर्लीन गॅड्सडेन, एक्क्याऐंशी.
शिकागोत बत्तीस वर्षं बस चालवली.
चाचणीत सांगितलं, घड्याळ काढा,
अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.
तिनं विचारलं, "ही पाळी कुणाची?"
गुण कापले.

मिसिसिपीतली तिची शाळा
कापूसवेचणीला बंद राहायची.
त्या महिन्यांना रंग चढवणारं द्रव्य
आमच्या कपाटात नाही.

भिंगाखाली दिसतात ते प्रथिनांचे गुंते,
आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेनं
लहान लहान झटके, तिलाही न कळलेले.
रक्तदाबाच्या गोळ्या
दिवसाआड घ्यायची म्हणे, पुरवून पुरवून.

शेजारच्या डब्यात लिंडक्विस्ट, निवृत्त वकील.
गुंते तेवढेच;
मरायच्या आठवड्यापर्यंत शब्दकोडी सोडवत होता.

दुपारी तिच्या लेकीचा फोन.
"शेवटी मला बसमधली प्रवासी समजायची,
सुटे पैसे मागायची.
ते दिसतं का हो तिथं?"

बघते, म्हटलं.
आणि खरंच
पट्टी पुन्हा भिंगाखाली सरकवली.